न्यूरोपेप्टाइड, ब्रेनस्टेम आणि श्वासाची लय

पाणकावळा (धागाकर्ता):

एंडॉर्फिन म्हणजे आनंद, ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेम, सबस्टन्स पी म्हणजे वेदना अशी समीकरणं हल्ली इतकी फिरतायत की राहवलं नाही, म्हणून हा धागा. मी काही वर्षं ब्रेनस्टेमच्या (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठासारखा भाग) स्लाइसवर, म्हणजे पातळ कापांवर, काम केलंय आणि तिथे सगळ्यात आधी कळतं ते हे, की कुठलंही पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी, मेंदूतल्या पेशी निरोपासाठी वापरतात ती न्यूरोपेप्टाइड) एकच एक काम घेऊन जन्माला येत नाही. ते कुठल्या न्यूरॉनवर (मेंदूतल्या पेशीवर) पडलं, त्यावर कुठला रिसेप्टर (पेप्टाइड जिथे चिकटतं ती जागा) आहे, आणि त्या घडीला त्या न्यूरॉनला बाकी कुठून कुठून इनपुट मिळतंय, यावर सगळं अवलंबून. यातला तिसरा मुद्दा लोक हमखास विसरतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. न्यूरॉन एकमेकांशी बोलतात ते मुख्यतः ग्लुटामेट, गाबा, ग्लायसिन असल्या छोट्या रेणूंनी, हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं. पेप्टाइडचं तसं नसतं. ते जीनवरून बनलेल्या मोठ्या प्रोटीनचे तुकडे करून सेल बॉडीत (पेशीच्या मुख्य भागात) तयार होतं, मोठ्या व्हेसिकलमध्ये (इवल्या पिशव्यांत) भरलं जातं आणि मग ॲक्सॉनमधून (पेशीच्या लांब धाग्यातून) पार टोकापर्यंत वाहून न्यावं लागतं, म्हणजे टोकाशी साठा संपला तर तिथल्या तिथे नवीन भरता येत नाही. एखाद-दुसऱ्या स्पाइकने (विजेच्या झटक्याने) ते सहसा सुटतही नाही, त्यासाठी न्यूरॉनने जरा सलग जोरात फायर करायला, म्हणजे झटके द्यायला लागतं. आणि एकदा सुटलं की परत आत ओढून घेणारा पंप नाही, एन्झाइम तोडेपर्यंत ते आसपास पसरत राहतं आणि शेजारच्या कितीतरी न्यूरॉनना गाठतं. परिणाम सेकंदांत सुरू होतो आणि मिनिटं टिकतो. शिवाय पेप्टाइड एकटं फारसं नसतंच, मेड्युलातल्या (ब्रेनस्टेमचा सगळ्यात खालचा भाग) राफे या पट्ट्यातल्या न्यूरॉनच्या एकाच टोकात सेरोटोनिन, सबस्टन्स पी आणि टीआरएच हे आणखी एक पेप्टाइड असे तिघंही सापडतात.

आता प्रत्यक्ष काय दिसतं ते सांगतो. नवजात उंदराच्या मेड्युलाचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा काप घ्यायचा. त्यात प्रीबॉट्झिंगर कॉम्प्लेक्स नावाचा न्यूरॉनचा छोटासा पुंजका येतो, श्वास आत घेण्याची लय तिथून सुरू होते हे संशोधक जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं. काप कृत्रिम सीएसएफमध्ये (मेंदूभोवतीच्या द्रवासारख्या पाण्यात) ठेवायचा, त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत सोडायचे, पोटॅशियम जरा वाढवायचं, आणि जिभेकडे जाणाऱ्या बाराव्या नसेच्या मुळाला काचेचा सक्शन इलेक्ट्रोड लावायचा. छाती नाही, फुप्फुसं नाहीत, तरी स्क्रीनवर ठराविक वेळाने बर्स्ट (सिग्नलचे झुबके, एकेका श्वासाची खूण) येत राहतात. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो खरंच. आता बाथमध्ये (कापाभोवतीच्या त्याच द्रवात) अगदी सूक्ष्म प्रमाणात सबस्टन्स पी सोडलं की लगेच काही होत नाही, बर्स्ट आधीसारखेच येतात, मग हळूहळू दोन बर्स्टमधलं अंतर कमी होत जातं, आणि धुवून काढलं तरी बराच वेळ ते तसंच राहतं. त्याच कापावर डॅमगो सोडा, हे एनकेफॅलिनसारखं बनवलेलं पेप्टाइड आहे आणि म्यू ओपिऑइड रिसेप्टरला (मॉर्फिनसारखी औषधं जिथे बसतात तो) चिकटतं, की अंतर वाढत जातं, डोस जास्त झाला तर लय पार थांबते, आणि नॅलोक्सोन (ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध) टाकलं की परत सुरू. १९९९ मध्ये फेल्डमन यांच्या लॅबने दाखवलं की हे दोन्ही रिसेप्टर त्या पुंजक्यातल्या न्यूरॉनवरच आहेत.

यंत्रणा तशी सरळ आहे. सबस्टन्स पीचा एनकेवन रिसेप्टर जीक्यू प्रोटीनमार्फत काम करतो, एरवी उघडे राहणारे पोटॅशियमचे लीक चॅनल बंद होतात, काही ठिकाणी आत येणारा सोडियमचा प्रवाहही वाढतो, म्हणजे न्यूरॉन फायरिंगच्या उंबरठ्याजवळ सरकतो. म्यू रिसेप्टर जीआय प्रोटीनमार्फत गर्क नावाचे पोटॅशियम चॅनल उघडतो, पोटॅशियम बाहेर जातं, न्यूरॉन उंबरठ्यापासून लांब जातो, शिवाय ॲक्सॉनच्या टोकाकडचे कॅल्शियम चॅनल दबतात त्यामुळे ट्रान्समीटरही कमी सुटतो.

पण "जवळ सरकला" किंवा "लांब गेला" याचा अर्थ किती, ते बाकीच्या इनपुटवर ठरतं. जागेपणी लोकस सेरुलियस या ब्रेनस्टेममधल्या पुंजक्यातून नॉरएपिनेफ्रिन, राफेमधून सेरोटोनिन, हायपोथॅलॅमसमधून ओरेक्सिन असा भरपूर रेटा असतो, झोपेत तो ओसरतो आणि रेम झोपेत (स्वप्नांच्या झोपेत) तर जवळपास नाहीसा होतो. २००१ मध्ये फेल्डमन यांच्याच लॅबने सबस्टन्स पीला सॅपोरिन हे विष जोडून प्रौढ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या प्रीबॉट्झिंगरमधले फक्त एनकेवनवाले न्यूरॉन मारले, काही दिवसांत श्वास वेडावाकडा झाला. २००५ मध्ये त्यांनी तेच झोप मोजत मोजत केलं तर गडबड आधी फक्त रेम झोपेत दिसली, नंतर बाकीच्या झोपेत, आणि सगळ्यात शेवटी जागेपणी. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. कारण नुसतं "अमुक पेप्टाइडने अमुक टक्के वाढ" असं लिहिताना ती वाढ प्राणी कुठल्या अवस्थेत असताना मोजली हे लिहिलं नाही तर त्या आकड्याला काही अर्थच राहत नाही.

प्रश्न, शंका, विरोध, सगळ्याचं स्वागत.

रानजाई:

सुरेख लिहिलंय, वाचनखूण साठवली. पण सबस्टन्स पी वेदनेचं असं आम्ही कॉलेजात घोकलं होतं ना, मग ते श्वासाच्या पुंजक्यात काय करतंय? का तिथेही कुठेतरी वेदनेचा संबंध आहे?

पाणकावळा:

रानजाई, संबंध असू शकतो, वेदनेने श्वास वाढतोच. पण सबस्टन्स पी मुळात वेदनेतून सापडलेलंच नाही. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना १९३१ मध्ये ते घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात मिळालं, त्याने आतडं आकुंचन पावायचं आणि रक्तदाब उतरायचा. पुढे चाळीस वर्षं नक्की काय रेणू आहे तेच ठाऊक नव्हतं, १९७१ मध्ये सुझन लीमन यांच्या गटाने ११ अमिनो आम्लांचा क्रम लावला. वेदनेचं म्हणून इतकं नाव झालं की एनकेवन अडवणारी औषधं पेनकिलर म्हणून माणसांवर तपासली गेली आणि ती तिथे सपशेल पडली. पण त्याच गटातलं ॲप्रेपिटंट केमोथेरपीच्या उलट्यांवर इतकं उपयोगी ठरलं की २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. उलटीचं सर्किट मेड्युलातच आहे, एरिया पोस्ट्रेमा आणि एनटीएस या भागांत, आणि तिथे एनकेवन भरपूर आहे. एकाच पेप्टाइडने एका पुंजक्यात श्वासाची लय वाढते, थोडं पलीकडे उलटी सुरू होते.

भूलवाली:

मी भूलतज्ज्ञ आहे. धाग्यातला झोपेचा मुद्दा आम्ही रोज बघतो म्हणून लिहितेय. ऑपरेशननंतर फेंटानिल किंवा मॉर्फिन अंगात असलेला पेशंट रिकव्हरीत पडलेला असतो, श्वास मिनिटाला सात-आठ. हाक मारली, "मोठा श्वास घ्या" म्हटलं, की घेतो, अगदी छान घेतो, सॅच्युरेशन वर येतं. आपण पाठ फिरवली, त्याचा डोळा लागला, की परत सात-आठ. त्याला त्रास होतोय असं तो म्हणतही नाही, गुदमरल्याची जाणीवच दबलेली असते. स्वतःहून घेतलेला श्वास कॉर्टेक्समधून थेट खाली स्पायनल कॉर्डकडे जाऊ शकतो, आपोआपचा मात्र ब्रेनस्टेममधूनच यायला हवा, आणि तिथेच तर औषध बसलंय. म्हणून मी ज्युनियरना सांगते की बोलवून घेतलेला श्वास मोजू नका, त्याला न छेडता लांब उभं राहून पूर्ण एक मिनिट मोजा.

आणि एक, नॅलोक्सोनचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, ओपिऑइड त्याहून जास्त वेळ अंगात असू शकतं, त्यामुळे पेशंट उठून बसला म्हणजे झालं असं अजिबात समजू नये.

पाणकावळा:

भूलवाली, हे लिहिलंत फार बरं केलंत. भर एवढीच, की ओपिऑइडचा परिणाम फक्त प्रीबॉट्झिंगरवर होत नाही. पॉन्समधले (मेड्युलाच्या लगेच वरचा भाग) पॅराब्रॅकियल आणि कोलिकर-फ्यूज हे भागही तितकेच गुंतलेले आहेत, उंदरांमध्ये या भागांतले म्यू रिसेप्टर काढून टाकले की मॉर्फिनने श्वास मंदावणं बरंच कमी होतं. कुठला भाग किती जबाबदार यावरून त्या क्षेत्रात अजून जोरदार वाद चालू आहेत. मला स्वतःला वाटतं की डोसप्रमाणे आणि झोपेप्रमाणे उत्तर बदलत असणार.

तिठा:

म्हणजे ग्लुटामेट हे बटण आणि पेप्टाइड हा पंख्याचा रेग्युलेटर, असं म्हटलं तर चालेल का?

पाणकावळा:

तिठा, अर्ध्यापर्यंत चालेल. रेग्युलेटर तीनवर ठेवला की पंखा दर वेळी तीनच्याच वेगाने फिरतो, इथे तसं होत नाही. लोकस सेरुलियसचं बघा. तिथले न्यूरॉन जागेपणी शांत बसलेले असताना सेकंदाला एक ते तीन वेळा फायर करतात. ताण आला की सीआरएफ, म्हणजे १९८१ मध्ये वायली व्हेल यांनी शोधलेलं ४१ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, तिथे सुटतं आणि हा पायाभूत वेग वाढतो. पण मग बाहेरून अचानक आवाज आला तर त्याला मिळणारा नेमका झटपट प्रतिसाद उलट फिका पडतो. म्हणजे एकाच पेप्टाइडने फायरिंग वाढलंही आणि सिग्नल उठून दिसणं कमीही झालं. त्याच न्यूरॉनमध्ये गॅलॅनिन बनतं आणि ते त्यांनाच दाबतं, न्यूरॉन खूप जोरात चालले की त्यांचंच पेप्टाइड सुटून त्यांना आवरतं. एका रेग्युलेटरमध्ये हे बसणार नाही.

भूलवाली:

लोकस सेरुलियसचा विषय निघालाच आहे तर, ओपिऑइड सोडताना जी अवस्था होते, घाम, धडधड, अस्वस्थपणा, त्यात क्लोनिडिन हे रक्तदाबाचं औषध का चालतं याचं उत्तरही तिथेच आहे ना? शिकताना नुसतं पाठ केलं होतं.

पाणकावळा:

हो, तिथेच, निदान बराचसा भाग. मॉर्फिनने ते न्यूरॉन दबतात, रोज मिळत राहिलं की पेशीच्या आत निरोप नेणारी सायक्लिक एएमपीची यंत्रणा भरपाई म्हणून वर चढते, आणि औषध थांबलं की दाबणारा हात गेला पण भरपाई तशीच, त्यामुळे फायरिंग उसळतं. क्लोनिडिन अल्फा-टू रिसेप्टरवर बसतं, म्यूवर नाही, पण नॉर्थ आणि विल्यम्स यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की दोन्ही रिसेप्टर शेवटी त्याच पोटॅशियम चॅनलपर्यंत पोचतात. दार दुसरं पण खोली तीच, म्हणून उपयोग होतो.

हिमकण:

मध्येच विचारतेय, उसासा पण ब्रेनस्टेममधूनच येतो का? कुठेतरी वाचलं होतं की आपण नकळत तासाला बरेच उसासे टाकतो.

पाणकावळा:

हिमकण, हो, आणि हे माझं अत्यंत आवडतं उदाहरण. माणूस साधारण दर पाच मिनिटांनी एक उसासा टाकतो, दुःख असो नसो. फुप्फुसातल्या मिटलेल्या वायुकोशिका परत उघडायला तो लागतो, एका श्वासावर दुसरा चढवल्यासारखा. २०१६ मध्ये फेल्डमन आणि मार्क क्रॅस्नो यांच्या गटांनी उंदीरवर्गीय प्राण्यांत दाखवलं की मेड्युलाच्या पोटाकडच्या भागातले थोडेसे न्यूरॉन न्यूरोमेडिन बी आणि जीआरपी ही दोन पेप्टाइड बनवतात आणि ती प्रीबॉट्झिंगरमधल्या अंदाजे २०० न्यूरॉनवर पोचतात. ही पेप्टाइड तिथे टोचली की उसासे कित्येक पटींनी वाढले, दोन्ही रिसेप्टर एकदम अडवले की उसासे थांबले, पण साधा श्वास नीट चालू! तेच रिसेप्टर असलेले न्यूरॉन मारले तरी तसंच, उसासा गेला, श्वास राहिला. म्हणजे त्याच पुंजक्यातून दोन वेगळ्या लयी निघतात आणि त्यातली एक पेप्टाइडवर टेकलेली आहे. गंमत म्हणजे ही दोन्ही पेप्टाइड ज्या कुळातली आहेत त्यातलं बॉम्बेसिन पहिल्यांदा बेडकाच्या कातडीत सापडलं होतं.

हिमकण:

बापरे, २०० न्यूरॉन फक्त! आता दर उसाशाला आठवणार हे.

धुकं:

माझ्या मावसभावाला नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) आहे. जोरात हसला की मान लटकते, गुडघे जातात, कधी खाली बसकण मारतो, पण शुद्ध पूर्ण असते, आपण काय बोलतोय ते सगळं ऐकत असतो आणि नंतर सांगतो. घरात आधी सगळ्यांना नाटक वाटायचं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. डॉक्टरांनी ओरेक्सिन कमी आहे एवढं सांगितलं. एक पेप्टाइड कमी पडल्याने हसताना स्नायू का सुटतात हे कोणी समजावेल का?

पाणकावळा:

धुकं, नाटक नाहीच ते, हे घरच्यांना ठामपणे सांगा. ओरेक्सिन १९९८ मध्ये दोन गटांनी एकाच वर्षी शोधलं, दुसऱ्या गटाने त्याला हायपोक्रेटिन म्हटलं. माणसाच्या हायपोथॅलॅमसमध्ये ते बनवणारे न्यूरॉन जेमतेम ७०,००० च्या घरात, पण त्यांचे धागे पार ब्रेनस्टेमभर जातात, सगळ्यात दाट लोकस सेरुलियसकडे. कॅटाप्लेक्सी (भावनेच्या धक्क्याने स्नायू असे अचानक सैल पडणं) असलेल्या नार्कोलेप्सीत यातले बहुतेक न्यूरॉन गेलेले असतात.

रेम झोपेत आपण स्वप्नात धावतो पण पाय हलत नाहीत, कारण पॉन्समधलं एक सर्किट मेड्युलामार्फत मोटर न्यूरॉनवर ग्लायसिन आणि गाबा सोडून स्नायू सैल करतं. जागेपणी नॉरएपिनेफ्रिनचा रेटा मोटर न्यूरॉनना धरून ठेवतो आणि ओरेक्सिन त्या रेट्याला टेकू देतं. टेकू गेला की एरवी निरुपद्रवी असलेला भावनेचा धक्का, विशेषतः हसू, तेच सर्किट जागेपणी सुरू करून देतो. १९९९ मध्ये जेरोम सीगल यांच्या गटाने नार्कोलेप्सी असलेल्या कुत्र्यांमध्ये लोकस सेरुलियसच्या न्यूरॉनची नोंद घेतली, कॅटाप्लेक्सी आली की ते न्यूरॉन चक्क गप्प व्हायचे. आणि २००४ मध्ये त्यांनाच दिसलं की जागं ठेवणारे हिस्टामिनचे न्यूरॉन मात्र त्या वेळी चालूच असतात. तुमचा भाऊ खाली बसूनही सगळं ऐकतो, त्यामागे हे असण्याची बरीच शक्यता आहे.

धुकं:

खूप खूप आभार. हा प्रतिसाद आत्ताच घरच्या ग्रुपवर टाकतेय.

पायवाट:

ऑनलाइन काय काय पेप्टाइडच्या बाटल्या, नाकात मारायचे स्प्रे मिळतात, मूड, झोप, फोकस सगळ्यासाठी. त्यात काही तथ्य आहे का? आणि जीएलपी-वनची (मधुमेह आणि वजनासाठीची) इंजेक्शनं घेणाऱ्यांना मळमळ होते तीही ब्रेनस्टेममुळेच का?

पाणकावळा:

पायवाट, बाटल्यांबद्दल स्पष्ट बोलतो, घेऊ नका. तोंडावाटे घेतलेलं बहुतेक पेप्टाइड पोटात पचून जातं, रक्तात गेलं तर एन्झाइम तोडतात, आणि उरलं तर मेंदूच्या बहुतेक भागात रक्तातून सहज शिरता येत नाही. नाकातून ऑक्सिटोसिन दिल्यावर मेंदूत नेमकं किती पोचतं यावर संशोधकांमध्येच एकमत नाही, मग विना-तपासणीच्या स्प्रेची काय कथा.

मळमळीचं मात्र बरोबर ओळखलंत. एरिया पोस्ट्रेमा हा मेड्युलातला असा भाग आहे जिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा सैल असतो, विषारी काही रक्तात आलं तर लगेच कळावं म्हणून. तिथे जीएलपी-वनचे रिसेप्टर आहेत. आतड्यातून येणारं आपलं स्वतःचं जीएलपी-वन दोनेक मिनिटांत अर्धं तुटून जातं, त्याचा बराचसा निरोप व्हेगस नसेमार्फत जातो. इंजेक्शनातल्या सेमाग्लुटाइडला अर्धं व्हायला आठवडा लागतो, म्हणजे ते रिसेप्टर दिवसरात्र दाबलेले. भूक कमी होते त्यात ब्रेनस्टेमचा वाटा आहे आणि मळमळ होते त्यातही. म्हणूनच डोस हळूहळू वाढवतात.

भूलवाली:

आणि त्या इंजेक्शनने पोट रिकामं व्हायलाही वेळ लागतो, तेव्हा ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्याला आधी सांगा, लपवू नका प्लीज. पोटात अन्न असताना भूल देणं धोक्याचं आहे.

अभ्यासू_जीव:

मी एमएस्सी करतोय, पुढे यातच काम करायचंय. दोन प्रश्न. बाळांच्या श्वासात पेप्टाइडचा काही खास रोल आहे का, आणि जिवंत प्राण्यात पेप्टाइड नक्की कधी सुटलं ते मोजतात कसं? आमच्या सरांनी मायक्रोडायलिसिस (मेंदूत बारीक नळी घालून द्रवाचे नमुने घेणं) सांगितलं पण त्यात एकेका नमुन्याला कितीतरी मिनिटं जातात.

पाणकावळा:

पहिल्याचं उत्तर, हो. मेड्युलात कार्बन डायऑक्साइड ओळखणारे आरटीएन नावाच्या भागातले न्यूरॉन आहेत. २०२१ च्या एका कामात उंदरांमध्ये दिसलं की जन्माच्या सुमारास या न्यूरॉनमध्ये पॅकॅप हे पेप्टाइड एकदम वाढतं, जणू बाहेरच्या हवेत श्वास घ्यायची वेळ आली म्हणून. ते त्या न्यूरॉनमधून काढून टाकलं तर पिल्लांचे श्वास मध्येमध्ये थांबतात आणि कार्बन डायऑक्साइड वाढला तरी श्वास हवा तेवढा वाढत नाही. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांच्या संशोधनात म्हणून याकडे लक्ष आहे, पण उंदरावरून थेट बाळावर उडी मारू नकोस.

दुसरं. मायक्रोडायलिसिसचं सर म्हणतात ते बरोबर, शिवाय पेप्टाइड इतक्या कमी प्रमाणात असतं आणि नळीला चिकटतं की हातात फारसं काही लागत नाही. आता रिसेप्टरलाच चमकणारं प्रोटीन जोडून सेन्सर बनवतात, पेप्टाइड चिकटलं की प्रकाश वाढतो आणि तो ऑप्टिकल फायबरने सेकंदासेकंदाला टिपता येतो. ब्रेनस्टेममध्ये फायबर खोलवर घालणं, तेही प्राणी श्वास घेतोय, मान हलवतोय अशा वेळी, हे कटकटीचं काम आहे हे लक्षात ठेव. आणि सेन्सरला पेप्टाइड दिसलं म्हणजे शेजारच्या न्यूरॉनवर परिणाम झालाच असं नाही, त्यासाठी रिसेप्टर अडवून परत बघायलाच लागतं. जिथे जाशील त्या लॅबमध्ये झोपेचं रेकॉर्डिंग, म्हणजे मेंदूच्या विद्युत तरंगांचा ईईजी आणि स्नायूंचा ईएमजी, सोबत घेतात का ते आधी विचार. घेत नसतील तर मी दुसरी लॅब बघेन.

अभ्यासू_जीव:

एका लॅबला मेल लिहून ठेवलाच होता, त्यात हा ईईजीचा प्रश्न घालून आजच पाठवतो. उत्तर आलं की इथेच टाकेन.